फोर्टमधली ‘फिरोजशहा फेरी’ : पैसे वसूल, पण कायदा कुठाय?

रविवारी सकाळी फोर्टमध्ये एक वारसा फेरी निघते. विषय सर फिरोजशहा मेहता, मुंबई पालिकेचा जनक म्हणतात ते पारशी वकील-पुढारी. माणशी पाचशे रुपये, साधारण अडीच तास चालणं. महापालिकेच्या मुख्यालयासमोरच्या पुतळ्यापासून सुरुवात, काळा घोड्याच्या संग्रहालयाशी शेवट. फेरी काढणारी पोरं नवी आहेत, त्यामुळे त्यांचं नाव इथे लिहीत नाही. इन्स्टाग्रामवर शोधणाऱ्याला सापडेल.

माझं म्हणाल तर मी महापालिकेच्या चिटणीस खात्यात लघुलेखिका होते. सभागृहात नगरसेवक जे बोलायचे, आणि जे ओरडायचे, ते वहीत उतरवायचं आणि नंतर टंकून काढायचं. हे सांगायचं कारण एवढंच, की या फेरीबद्दलची माझी मुख्य तक्रार त्या नोकरीतून आली आहे. बाहेरच्या माणसाला ती कदाचित जाणवणारही नाही. बरोबर आमच्या खात्यातलीच शैला होती. ती म्हणते, मला सगळं आवडलं. तेव्हा हे मत फक्त माझं समजा.

आधी चांगलं सांगते. मुलगा वेळेवर आला, आवाज स्वच्छ, मराठी व्यवस्थित. प्रत्येकाच्या कानात घालायला एक यंत्र देतात, त्यामुळे बेस्टच्या बसेस आणि टॅक्सीवाल्यांच्या भोंग्यांतही त्याचं बोलणं ऐकू येतं. यंत्र मधूनमधून खरखरतं, पण चालायचंच. जुने फोटो प्लास्टिकच्या आवरणात घालून आणले होते, ते हातोहात फिरवले. वयस्कर माणसं बघून चालण्याचा वेग कमी केला. मला आधी ‘मॅडम’ म्हणत होता, नंतर ‘काकू’वर आला, ते मला आवडलं.

पुतळ्यापाशी त्याने विचारलं, हे कोण? पगडी बघून एक जण म्हणाले, जमशेटजी टाटा. कोणी हसलं नाही, कारण बहुतेकांना तेच वाटत होतं. आता मी त्या पुतळ्यासमोरून उभ्या नोकरीत रोज गेले. कबुतरांनी काय दशा केलेली असते तेही मला माहीत आहे. पण हा पुतळा डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचा, १९२३ साली बसवलेला, हे त्या मुलाकडूनच कळलं. मेहता १९१५ च्या नोव्हेंबरात गेले. म्हणजे आठ वर्षांत मुंबईकरांनी त्यांना पालिकेच्या दारात उभं केलं. तिथे व्हाइसरॉयला नाही, गव्हर्नरला नाही, एका वकिलाला जागा मिळाली.

इमारतीची माहितीही त्याने नीट दिली. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, समोरचं व्हीटी बांधणारेच. कोनशिला १८८४ च्या डिसेंबरात लॉर्ड रिपन यांच्या हस्ते, काम पुरं १८९३ साली. दर्शनी भागावरची पंख असलेली मूर्ती आणि ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, ही अक्षरं सगळ्यांनी मोबाइल वर करून टिपली. एक गोष्ट मात्र त्याने नुसती ओझरती सांगितली. माझ्या मते तिथे पाच मिनिटं थांबायला हवं होतं. या इमारतीचं अंदाजपत्रक सुमारे ११ लाख ८८ हजारांचं होतं आणि प्रत्यक्ष खर्च आला सुमारे ११ लाख २० हजार. सरकारी काम अंदाजपत्रकाच्या आत! आमच्या खात्यात हे कोणाला सांगितलं असतं तर टायपिंगची चूक समजून फाइल परत आली असती.

आता तक्रार.

हा मुलगा मेहतांची गोष्ट सांगतो ती ‘मुंबईचा सिंह’ म्हणून. जन्म १८४५, एल्फिन्स्टन कॉलेज, जेजीभॉय शिष्यवृत्तीवर विलायतेला, लिंकन्स इनमधून १८६८ साली बॅरिस्टर. मग किस्से. इंग्रज त्यांना ‘फेरोशियस (म्हणजे खवळलेले) मेहता’ म्हणायचे तो किस्सा. तरुण गांधींना राजकोटच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिपायाकरवी खोलीबाहेर काढलं, तेव्हा मेहतांनी ‘अपमान गिळून टाक’ असा सल्ला दिला तो किस्सा. सुरतेच्या काँग्रेसमध्ये १९०७ साली मंडपातून भिरकावलेला दख्खनी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून मेहतांवर आदळला तो किस्सा. या शेवटच्यावर आमच्या गटातले मराठी लोक जरा जास्तच मोकळेपणाने हसले. साहजिक आहे. आमच्या गिरगावातल्या घरात टिळकांची तसबीर होती, आणि वडिलांच्या लेखी मेहता म्हणजे मवाळ, सरकारधार्जिणा, टिळकांना आडवा येणारा माणूस. मीही तेच घेऊन नोकरीला लागले होते.

मग ते मत कशाने बदललं? कुठल्या किस्स्याने नाही, एका कायद्याने. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. आमच्या भाषेत ‘एमएमसी ॲक्ट’. पाचशेच्या वर कलमं. इतक्या दुरुस्त्या झाल्या, तरी महापालिका आजही याच कायद्यावर चालते. मेहतांना मुंबई पालिकेचा जनक म्हणतात ते या कायद्यामुळे, आणि अडीच तासांच्या फेरीत या कायद्याला मिळालं एक वाक्य. ‘ॲक्टचं श्रेय त्यांना जातं’, आणि चला पुढे.

जे राहिलं ते मी इथे सांगते. पुढच्या फेरीला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल.

१८७१ साल. पालिकेचे कमिशनर, म्हणजे आजच्या भाषेत आयुक्त, आर्थर क्रॉफर्ड. मार्केटवाले क्रॉफर्ड ते हेच. माणूस कामाचा, पण पैसा पाण्यासारखा खर्च करणारा. करदाते खवळले. या एका माणसाच्या हातातली सत्ता काढून घ्या आणि ती समितीकडे द्या, असा शहरभर सूर. तेव्हा २६ वर्षांच्या मेहतांनी धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला आणि सगळ्यांच्या उलट बोलले. त्यांचं म्हणणं असं, की कारभार एकाच माणसाच्या हातात राहू द्या, समितीने कारभार होत नाही. पण तो माणूस ज्यांना उत्तर देणार ते सभासद सरकारने नेमलेले नकोत, करदात्यांनी निवडून दिलेले हवेत. म्हणजे रोग कमिशनरमध्ये नाही, त्याला जाब विचारणारं कोणी नाही यात आहे. लोकांना हे रुचलं नाही. श्रोते क्रॉफर्डवर चिडून आलेले, आणि हा पोरगा त्याच्याच खुर्चीची बाजू घेतोय.

पुढच्याच वर्षी, १८७२ साली, कायदा आला. ६४ सभासद, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्याने ते ७२ झाले. ३६ प्रभागांतून, १६ जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) मंडळींकडून, १६ सरकारनियुक्त, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे, दोन विद्यापीठाचे. विद्यापीठाचे सभासद नगरपालिकेत! आज कोणी ही कल्पना मांडली तर लोक तिला क्रांतिकारक म्हणतील. मूळ मसुदा सरकारचा होता. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग, दोघेही वकील, कायदेमंडळात बसून त्यावर भांडले.

आणि त्या भांडणातून जे निघालं ते कलम ६४. पोटकलम एकमध्ये शहराचा कारभार महापालिकेकडे, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाकडे. पोटकलम तीनमध्ये अंमलबजावणीचे सगळे अधिकार आयुक्तांकडे. दोन्ही एकाच कलमात, शेजारी शेजारी. मी नोकरीला लागले तेव्हा हे वाचून मला काही कळलं नव्हतं. सभागृहात बसल्यावर कळलं. एखादा नगरसेवक उठतो, ठरावाची सूचना मांडतो, अर्धा तास तोफ डागतो. सभागृह एकमताने संमत करतं. आणि मग मी टंकलेल्या कागदावर शेवटी येतं, ‘आयुक्तांकडे अभिप्रायार्थ’. महिन्यांनी अभिप्राय येतो, ‘सूचना व्यवहार्य नाही.’ मग पुन्हा हरकतीचा मुद्दा, पुन्हा तोफ, पुन्हा तहकुबी. दुसऱ्या बाजूने, आयुक्तांचा मोठ्या खर्चाचा प्रस्ताव नगरसेवकांच्या स्थायी समितीत अडतो आणि आयुक्त हात चोळत बसतात. नगरसेवक म्हणायचे, कायदा आयुक्तधार्जिणा आहे. साहेब लोक म्हणायचे, कायदा नगरसेवकांनी वेठीला धरलाय. दोघेही तक्रार करतात म्हणजे तराजू बऱ्यापैकी मध्ये उभा आहे, असं आमचे एक जुने उपचिटणीस म्हणायचे.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पुढे कित्येक वर्षं त्या तराजूचं एक पारडं रिकामंच होतं. त्याच इमारतीसमोर उभं राहून मेहतांवर बोलताना याचा उल्लेख नाही म्हणजे काय? मी मुलाला हळूच विचारलं. तो म्हणाला, ‘काकू, राजकारण नको असं ठरवलंय आम्ही.’ अरे बाळा, तू ज्या माणसाची फेरी काढतोस त्याने जन्मभर दुसरं काय केलं? मेहता १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा या पालिकेचे अध्यक्ष होते. तेव्हा महापौर हा शब्द नव्हता, तो १९३१ साली आला.

१९०७ ची निवडणूक त्याने सांगितली खरी, पण सिनेमासारखी सांगितली. अकाउंटंट जनरल, पोलीस कमिशनर, टाइम्सचे संपादक असे गोरे साहेब एकत्र आले आणि मेहतांना पाडायचा कट केला, हा ‘कॉकस’, म्हणजे कंपू, प्रसिद्धच आहे. जस्टिस ऑफ द पीसच्या १६ जागा, मेहता सतरावे. इथपर्यंत ठीक. ‘मग लोकांनी आवाज उठवला आणि ते परत आले’ हे त्याचं पुढचं वाक्य. तसं नाही झालं. खटला झाला, मेहतांची बाजू मांडायला तिशीतले बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि तो खटला काही जिंकला नाही. मेहता आत आले ते वेगळ्या दाराने. निवडून आलेल्या सोळांतला एक जण पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्यामुळे अपात्र ठरला आणि सतरावा माणूस वर सरकला. कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस सभासद राहू शकत नाही, ही अट त्याच कायद्यातली. ही गोष्ट आवाज उठवण्याच्या गोष्टीपेक्षा शंभरपट रंगतदार आहे. ती टाकून गुळगुळीत का करायची?

तिथून पुढे डी. एन. रोडने सर फिरोजशहा मेहता रोड. बँका, फाइलींची दुकानं, रविवारी सगळं शटर बंद. इथे फार काही नाही, आणि मुलानेही फार वेळ घेतला नाही, ते बरं केलं. हुतात्मा चौकाकडे सेंट्रल बँकेचा विषय निघाला. सोराबजी पोचखानावाला यांनी १९११ साली काढलेली ही बँक, आणि तिचे पहिले अध्यक्ष मेहता. हायकोर्ट बाहेरूनच दाखवलं. ‘याच इमारतीत मेहतांनी वकिली सुरू केली’ असं तो म्हणाला. ते दुरुस्त करा. मेहता १८६८ ला परत आले आणि ही इमारत उघडली त्यानंतर दहाएक वर्षांनी. शिवाय त्यांचा मोठा धंदा मुंबईत नव्हे, मुफसलात होता, गुजरात-काठियावाडच्या कोर्टांत. गांधींचं राजकोटचं प्रकरण त्यांच्यापर्यंत पोचलं तेही असंच, ते कामानिमित्त तिकडे गेले असताना एका वकिलामार्फत. पैसा तिकडे कमवायचा आणि पालिकेच्या सभेला मुंबईत हजर व्हायचं, असा त्यांचा खाक्या.

हॉर्निमन सर्कलला मात्र मुलाने बाजी मारली. झाडाखाली बसवलं, पाणी दिलं, आणि बॉम्बे क्रॉनिकलची गोष्ट सांगितली. हे वर्तमानपत्र मेहतांनी काढलं, १९१३ पासून निघू लागलं, संपादक म्हणून बेंजामिन गाय हॉर्निमन या इंग्रजाला आणलं. त्या इंग्रजाने इतकं सडेतोड लिहिलं, की १९१९ साली सरकारने आपल्याच माणसाला देशाबाहेर काढलं. एल्फिन्स्टन सर्कल हे गव्हर्नरचं नाव जाऊन हॉर्निमनचं नाव आलं ते नंतर. ही दहा मिनिटं फेरीतली सर्वात चांगली. कारण इथे एक माणूस नव्हता, एक संस्था होती, आणि ती काढणाऱ्याच्या पश्चात कशी चालली ते होतं.

समोर एशियाटिकच्या पायऱ्या. तिथे सगळ्यांनी फोटो काढले. मला वाटलं आता तेलंगांचं नाव येईल. नाही आलं. मग मी शैलाला सांगितलं, शेजारच्या दोन मुलींनीही ऐकलं. तेलंग १८५० चे, म्हणजे मेहतांहून पाच वर्षांनी लहान. हायकोर्टाचे न्यायाधीश. १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू, आणि त्याच सुमारास या एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले भारतीय अध्यक्ष. भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर त्यांनी तिशीच्या सुमारास केलं. १८९३ ला गेले, वय अवघं ४३. मेहता, तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी, एक पारशी, एक मराठी, एक मुसलमान, तिघेही वकील, यांनी १८८५ च्या जानेवारीत बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. ‘काकू, तुम्हीच घ्या ना फेरी’, मुलगा हसत म्हणाला. त्याला राग आला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवा.

शेवट संग्रहालयाच्या फाटकाशी. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली युवराज येणार म्हणून त्यांच्या भेटीचं स्मारक करायचं ठरलं. नामवंत नागरिकांची समिती झाली, तीत मेहता. नोव्हेंबरात युवराजांच्या हस्ते पायाभरणी, जॉर्ज विटेट यांचा आराखडा, १९१४ च्या सुमारास बांधकाम पुरं. मग महायुद्ध आलं, इमारतीचं इस्पितळ झालं, आणि लोकांसाठी दारं उघडली १९२२ च्या जानेवारीत. मेहतांनी ते पाहिलं नाही.

इथे मुलगा म्हणाला, ‘बघा, कलेवरही त्यांचं प्रेम होतं.’ असेलही. पण मला त्या फाटकाशी आठवला तो आकडा. या संग्रहालयासाठी सर करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख दिले, सरकारने तीन लाख दिले, आणि मुंबई पालिकेने अडीच लाख दिले. गटारं, नळ आणि दिवाबत्ती करणाऱ्या पालिकेने! एमएमसी ॲक्टमध्ये दोन याद्या आहेत. कलम ६१ मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं, कलम ६३ मध्ये करायला हरकत नाही अशी. वाचनालयं, संग्रहालयं दुसऱ्या यादीत. या दुसऱ्या यादीवर पैसा खर्च करायला सभागृहात माणसं पटवावी लागतात. ‘माझ्या वॉर्डात पाणी नाही आणि तुम्ही मूर्ती कसल्या ठेवता’ हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या पक्षांकडून लिहून घेतलंय, आणि ते चुकीचं असतं असंही नाही. तरीसुद्धा त्या काळी अडीच लाख मंजूर झाले. संग्रहालय हे श्रीमंतांच्या देणगीवर सोडायचं नाही, शहराच्या तिजोरीतूनही त्याला द्यायचं, हा विचार घुमटाइतकाच दाखवण्यासारखा आहे. या फेरीत तो दिसला नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. फेरीला पाचपैकी साडेतीन. पोरांची तयारी, वागणूक, वेळेचं भान याला पुरे गुण. मजकूर किस्स्यांवर भागवल्याचे गुण कापले. आयोजकांना सूचना एकच, पण ती मनावर घ्या. पुतळ्यापासून उलट दिशेने महापालिका मार्गाने दहा मिनिटं चाललात की धोबीतलाव. फेरी तिथून, फ्रामजी कावसजीपासून सुरू करा. १८७१ चा तो निबंध आधी सांगा, मग पालिकेच्या इमारतीकडे या, म्हणजे कलम ६४ आपोआप कळेल. आणि कायद्याचं एखादं पान त्या फोटोंसारखं प्लास्टिकमध्ये घालून हातात द्या. लोकांना कायदा कंटाळवाणा वाटतो हा तुमचा समज आहे. त्या दोन मुली माझ्याकडून कलम ६३ दोनदा ऐकून गेल्या.

जाणाऱ्यांसाठी : पालिकेच्या इमारतीत आत नेत नाहीत. आतली फेरी वेगळी असते, ही ती नव्हे. संग्रहालयाचं तिकीट या पाचशेत धरलेलं नाही, आणि फेरी फाटकाशीच संपते. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, डी. एन. रोडच्या कमानींखाली सावली आहे, पुढे कमी. बायकांनी निघण्याआधी व्हीटी स्टेशनवर जाऊन यावं, वाटेत रविवारी सोय सापडणं कठीण. पावसाळ्यात फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात, असं पावतीवर लिहिलंय.